सगळंच वयाच्या माथी मारू नका

वृद्धांच्या उपचारांचं शास्त्र शिकवताना एक जुना विनोद हमखास सांगतात. नव्वदीचे आजोबा डॉक्टरांकडे जातात. म्हणतात, डावा गुडघा फार दुखतोय. डॉक्टर वरवर बघतात आणि म्हणतात, "वय झालं आजोबा, आता असं व्हायचंच." आजोबा विचारतात, "पण उजवा गुडघाही तेवढ्याच वयाचा आहे. तो कसा दुखत नाही?"

विनोद शिळा आहे. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत म्हातारपणावर जे संशोधन झालं, त्यातला मोठा भाग आजोबांच्या या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे. ऐंशीच्या माणसात जे बदल दिसतात, त्यातले खरोखर वयाचे किती? आजाराचे किती, औषधांचे किती, नुसतं बसून राहिल्याचे किती? आणि आपण त्याची जी काळजी घेतो, तिच्यामुळे झालेले किती? यातली बरीच उत्तरं आज हातात आहेत. घराघरांत मात्र ती पोचलेली नाहीत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दवाखान्यांतही नाहीत.

आधी, हे वेगळं काढतात कसं ते पाहू. सोपा मार्ग असा की विशीतली, चाळिशीतली, साठीतली आणि ऐंशीतली माणसं एकाच आठवड्यात बोलवायची, सगळ्यांची सारखीच परीक्षा घ्यायची आणि गुण मांडायचे. बराच काळ हेच चाललं. आलेख विशीनंतर खाली खाली यायचा आणि निष्कर्ष निघायचा की बुद्धी तरुणपणातच उतरणीला लागते. यात मेख अशी की आज ऐंशीचा असलेला माणूस वेगळ्या काळात वाढलेला असतो. त्याची शाळा लवकर सुटली असेल, लहानपणी पोषण कमी पडलं असेल, अशा कागदी परीक्षांची सवयच नसेल. त्याच्यात आणि विशीच्या मुलात दिसणारा फरक वयाचा कमी आणि पिढीचा जास्त असू शकतो.

वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये वेगळा मार्ग धरला. त्याच माणसांना दर सात वर्षांनी परत बोलवायचं आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करायची. चित्र पालटलं. बहुतेकांच्या बहुतेक बौद्धिक क्षमता साठीपर्यंत टिकून होत्या. झटपट काम उरकण्याचा वेग आधी कमी होत होता, शब्दसंपदा बरीच उशिरापर्यंत शाबूत राहत होती. बाल्टिमोरमध्ये १९५८ पासून असाच पाठपुरावा शरीराचाही चालू आहे. (त्यात बायकांना प्रवेश मिळाला १९७८ साली. त्याआधीची वीस वर्षं म्हातारपणाचा अभ्यास म्हणजे म्हाताऱ्या पुरुषांचा अभ्यास.) या पद्धतीतही खोट आहेच. आजारी पडलेले आणि गेलेले लोक यादीतून गळतात, मागे दणकट तेवढे उरतात, आणि चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसतं. दोन्हीकडच्या चुका धरूनही एक गोष्ट पक्की राहते: वय वाढतं तशी माणसं एकमेकांपासून वेगळी होत जातात. दहा वर्षांची मुलं जितकी एकमेकांसारखी असतात, तितकी ऐंशीची माणसं कधीच नसतात. त्यामुळे ऐंशीच्या माणसाला काय झेपेल, हे जन्मसालावरून सांगता येत नाही. त्या माणसाकडेच बघावं लागतं.

मग वय स्वतः काय करतं? ते मुख्यतः गंगाजळी खातं. तरुणपणी हृदय, मूत्रपिंडं, फुफ्फुसं, स्नायू यांची ताकद रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असते. ही जास्तीची ताकद वर्षागणिक कमी होते, पण रोजचा खर्च भागत असतो म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. न्यूमोनिया, मोडलेलं हाड, ऑपरेशन, जोडीदाराचं जाणं असा मोठा खर्च अंगावर आला की मग शिल्लक किती ते कळतं. १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विमा-गणितज्ञाने मृत्यूच्या तक्त्यांमध्ये एक नियम टिपला होता. प्रौढ वयात मरणाचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होत जातो. आजच्या आकडेवारीत हा काळ साधारण आठ वर्षांचा भरतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. शिल्लक कमी असलेल्या शरीरात आजार पुस्तकात लिहिल्यासारखा दिसत नाही. तरुणाला न्यूमोनिया झाला तर ताप, खोकला, छातीत दुखणं. पंच्याऐंशीच्या आजींना झाला तर कदाचित तापच येणार नाही. त्या घरातल्या घरात पडतील, जेवण टाकतील, किंवा अचानक असंबद्ध बोलू लागतील. हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येतो, नुसता थकवा किंवा धाप म्हणून. म्हणून 'कालपर्यंत चालत होत्या, आज उठवत नाही' याला वय कारण असूच शकत नाही. वय एका रात्रीत वाढत नाही. असा बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

प्रयोगशाळेतल्या संशोधनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बातम्या तिथूनच जास्त येतात. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी बशीत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमिअर दर विभाजनाला झिजतात, हे त्यामागचं एक कारण. टेलोमिअरवरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं. १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी एका बारीक कृमीचा एकच जनुक बदलून त्याचं आयुष्य दुप्पट केलं. २००९ साली रॅपामायसिन हे औषध उतारवयाच्या उंदरांना दिलं, तरी ते जास्त जगले. कमी उष्मांक दिलेल्या माकडांवर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. एकात माकडं जास्त जगली, दुसऱ्यात नाही. आणि माणूस? माणसाचं आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आजघडीला नाही. फ्रान्सच्या जान काल्माँ १९९७ साली १२२ व्या वर्षी गेल्या, तो विक्रम अजून मोडलेला नाही. हे संशोधन महत्त्वाचं आहे, पुढेमागे त्यातून औषधं येतीलही. पण आज तुमच्या घरात पंच्याऐंशीचं माणूस असेल, तर त्याच्या उपयोगाचं संशोधन दुसरीकडे झालंय. तिथे नोबेल नाही आणि मथळेही नाहीत.

शिल्लक मोजायची कशी

२००१ साली लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्रेल्टी' म्हणजे शरीराचं खंगत जाणं मोजायला पाच खुणा ठरवल्या. वर्षभरात प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, मुठीची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकंदर हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. पाचांतली एकही गोष्ट मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तरीही पडणं, दवाखान्यात भरती होणं, परावलंबी होणं आणि मृत्यू या सगळ्यांचा अंदाज त्यातून येतो.

त्यातही चालीचा वेग ही विलक्षण गोष्ट आहे. २०११ साली नऊ अभ्यासांतल्या ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र केली गेली. नेहमीच्या चालीने चालताना सेकंदाला साधारण ०.८ मीटर वेग असेल, तर त्या वयाच्या आणि लिंगाच्या सरासरीइतकं आयुष्य उरलेलं असतं. सेकंदाला एक मीटर किंवा जास्त वेग असेल तर सरासरीपेक्षा जास्त. चालायला हृदय, फुफ्फुसं, नसा, स्नायू, सांधे, डोळे आणि मेंदू सगळे लागतात, म्हणून वेगात सगळ्यांचा हिशेब उतरतो. आजोबा आता रस्ता ओलांडायला वेळ लावतात, हे लक्षात आलं असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं लक्षण आहे.

फ्रेल्टीबद्दल सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की ती काही प्रमाणात मागे फिरते. पण ते समजायला आधी पलंगाकडे वळावं लागेल.

पलंग

दहा दिवस पडून राहिल्याने काय होतं? हे पाहायला साठी ओलांडलेल्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. आजार कुणालाच नव्हता, खाणंपिणं नीट चालू होतं. २००७ मध्ये निकाल छापून आला. नुसत्या पायांतूनच सरासरी सुमारे एक किलो स्नायूंचा ऐवज गेला होता. हे धडधाकट माणसांचं. आता ताप, भूक नाही, हाताला सलाईन, लघवीला नळी अशा अवस्थेत दहा दिवस पडलेल्या माणसाचा विचार करा. सत्तरीपुढचे जे लोक एखाद्या आजारासाठी दवाखान्यात भरती होतात, त्यांतले किमान ३० टक्के घरी जाताना अशी एखादी रोजची गोष्ट गमावून जातात जी आजारापूर्वी त्यांना जमत होती. आंघोळ, कपडे घालणं, स्वतः उठून शौचाला जाणं. आजार बरा झालेला असतो आणि माणूस मात्र अंथरुणाला खिळतो. घरचे म्हणतात, आजारपणाने खचले. बऱ्याचदा आजारपणाइतकाच पलंगाचा वाटा असतो.

ही गोष्ट पहिल्यांदा ठामपणे मांडली ती मार्जरी वॉरन या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या जुन्या रुग्णालयातले शेकडो वृद्ध आले आणि ते वॉरनबाईंच्या वाट्याला आले. कित्येक जण वर्षानुवर्षं पडून होते, कुणी धड तपासलेलंही नव्हतं. बाईंनी एकेकाला तपासलं, निदान केलं, ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, वॉर्ड रंगवून घेतले, उजेड आणला, चालायला आधार बसवले. 'असाध्य' म्हणून टाकून दिलेले बरेच जण चालू लागले आणि काही चक्क घरी गेले. नवीन औषध एकही नव्हतं. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची सुरुवात म्हणून आज त्यांचंच नाव घेतलं जातं.

पुढे १९९० मध्ये मारिया फियाटरोन यांनी त्याहून धाडसी प्रयोग केला. वृद्धाश्रमातले सरासरी नव्वद वर्षांचे दहा जण घेतले आणि त्यांच्याकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. 'हात वर, हात खाली' असला खुर्चीतला व्यायाम नव्हे, तर झेपेल त्याच्या जवळपास जाणारं वजन, देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. इतका छोटा प्रयोग, म्हणून शंका होत्याच. १९९४ मध्ये त्यांनीच ७२ ते ९८ वयाच्या शंभर जणांवर तो पुन्हा केला. दहा आठवड्यांत ताकद दुपटीहून थोडी जास्त वाढली, चाल वेगवान झाली. काहींना व्यायामाऐवजी नुसतं पोषक पेय दिलं होतं. त्याने ताकदीत फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटल्या आणणाऱ्या प्रत्येक प्रेमळ नातेवाइकाने हे वाक्य दोनदा वाचावं. प्रथिनं लागतातच, पण स्नायूला काम मिळालं नाही तर त्यांचा स्नायू होत नाही.

पडण्याच्या बाबतीतही हेच दिसतं. जगभरात पडून दरवर्षी अंदाजे ६,८४,००० लोक दगावतात आणि त्यांत वृद्ध सर्वाधिक आहेत. एकदा पडलेल्या माणसाला घरचे सांगतात, आता फिरू नका. भीतीही वाटते, ते समजण्यासारखं आहे. पण १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. बसवून ठेवल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पुढच्या पडण्याची तयारी होते. व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करावा, हे खरं. कधीच सुरू न करण्याची सबब म्हणून ते वापरू नये एवढंच.

गोळीवर गोळी

वृद्धांच्या तक्रारींत औषधांचा वाटा किती मोठा असतो, हे पटवून देणं सगळ्यात कठीण. कारण प्रत्येक गोळी कुणीतरी विचार करून दिलेली असते. अडचण येते ती त्या एकत्र आल्यावर.

उदाहरण घेऊ. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू झालं. काही जणांच्या पायांवर त्याने सूज येते. सूज म्हणजे पाणी साठलंय असं समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. आता रात्रीतून चारदा उठावं लागतं, झोपमोड होते, म्हणून झोपेची गोळी. झोपेच्या गोळीच्या गुंगीत अंधारात उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मोडलेल्या हाडाच्या कागदावर लिहिलं जातं: 'वृद्धापकाळ, घरात पडल्या.' एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देण्याच्या या साखळीचं वर्णन पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात केलं. त्यांनी आणि इतरांनी अशा बऱ्याच साखळ्या दाखवल्या आहेत. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने हात थरथरतात आणि त्यावर पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची औषधं सुरू होतात. डिमेन्शियावरच्या (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू जाण्याच्या आजारावरच्या) काही गोळ्यांनी लघवी आवरत नाही, मग ती आवरायला दिलेल्या औषधाने डोकं आणखी गोंधळतं. म्हणजे दोन औषधं एकमेकांविरुद्ध काम करतात आणि दोन्हींची किंमत म्हातारं शरीर मोजतं.

त्यात भर अशी की वयाबरोबर मूत्रपिंडं औषध हळू बाहेर टाकतात, शरीरातलं पाणी कमी आणि चरबी जास्त होते, त्यामुळे काही औषधं अंगात जास्त वेळ रेंगाळतात. चाळिशीत बरोबर असलेला डोस ऐंशीत जास्त होतो. शिवाय औषधांच्या चाचण्यांमध्ये बहुव्याधी असलेल्या वृद्धांना अनेकदा घेतच नाहीत. म्हणजे जे लोक गोळी सर्वात जास्त खाणार, त्यांच्यावरच ती कमीत कमी तपासलेली असते. ही मला या सगळ्या विषयातली सर्वात न पटणारी गोष्ट वाटते. १९९१ साली मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती अजूनही वेळोवेळी सुधारून निघते. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या कितीतरी साध्या वाटणाऱ्या गोळ्या तिच्यात आहेत.

घरच्यांनी करण्यासारखं काम सोपं आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून स्वतःहून आणलेल्यांसकट, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवायच्या आणि प्रत्येकीबद्दल विचारायचं: ही कशासाठी सुरू केली होती आणि अजून लागते का? स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नये. काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

अचानक आलेला गोंधळ

ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजोबा नर्सला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, सलाईन उपटतात. घरच्यांना वाटतं, वेड लागलं किंवा स्मृती गेली. हा डिलिरियम. डिमेन्शिया महिन्यावर्षांत हळूहळू येतो, डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत, आणि दिवसभरात कमीजास्त होतो. त्याच्यामागे जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, वेदना किंवा एखादं नवं औषध असं शोधता येणारं कारण बहुधा सापडतं. आरडाओरडा करणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प, पेंगुळलेला, 'शांत झोपलेला' रुग्णही डिलिरियममध्ये असू शकतो, आणि तो निसटतो.

शॅरन इनूये यांनी १९९९ मध्ये सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना जोडीला काही साध्या गोष्टी: आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे वरचेवर सांगणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणं, दिवसातून तीनदा उठवून चालवणं, पाणी पाजत राहणं, रात्री आवाज आणि औषधं कमी करून झोपू देणं. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. आपलं माणूस भरती असेल तर नातेवाइकाला यातल्या जवळपास सगळ्या गोष्टी करता येतात. 'हरवेल' म्हणून घरी ठेवलेला चष्मा दवाखान्यात घेऊन जा.

डिमेन्शियाविषयी लिहायचं तर वेगळा लेख लागेल. इथे एवढंच की तोही वयाचा अपरिहार्य हप्ता नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्यासारखी चौदा कारणं दिली आहेत: कमी शिक्षण, ऐकू न येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टिदोष वगैरे. ती सगळी दूर झाली तर तात्त्विकदृष्ट्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल. इंग्लंडमध्ये वीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन पाहण्यांत ६५ वर्षांवरच्या लोकांतलं त्याचं प्रमाण अपेक्षित ८.३ टक्क्यांऐवजी ६.५ टक्के निघालं. त्या वीस वर्षांत डिमेन्शिया बरा करणारं औषध आलेलं नव्हतं.

मदतीचा अतिरेक

१९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टींची मोजपट्टी केली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. आंघोळ सहसा आधी सुटते, घास शेवटी. म्हाताऱ्या माणसाची तब्येत कशी आहे, हे रक्ताच्या पंधरा तपासण्यांपेक्षा या सहा ओळींतून जास्त कळतं.

या गोष्टी सुटतात कशा, हे मार्ग्रेट बाल्टेस यांनी वृद्धाश्रमात निरीक्षक बसवून टिपलं. आजी स्वतः बटणं लावायला लागल्या की कर्मचारी बहुतेक वेळा काहीच प्रतिक्रिया देत नसत. आजी थांबल्या, हात पुढे केला, जमत नाही म्हणाल्या की लगेच कुणीतरी येई, बटणं लावी, दोन शब्द बोले. स्वतः केलं तर एकटं राहावं लागतं आणि परावलंबी झालं तर सोबत मिळते, हे दोन्ही बाजूंच्या नकळत शिकवलं जात होतं. घरांतही त्यांना असंच दिसलं. पुढे कर्मचाऱ्यांना वेगळं वागायला शिकवलं, तर रहिवासी पुन्हा स्वतःची कामं जास्त करू लागले. (कुंडीतलं रोप सांभाळायला दिल्याने वृद्ध जास्त जगले, हा १९७६ चा अमेरिकन प्रयोग याहून कितीतरी प्रसिद्ध आहे. तो फार छोटा होता, आणि त्याच्या मृत्यूच्या आकड्यांबाबत नंतर दुरुस्तीही छापावी लागली. मी बाल्टेसबाईंच्या निरीक्षणांवर जास्त भिस्त ठेवीन.)

सांभाळणाऱ्याला हे ऐकून राग येऊ शकतो. सकाळची घाई, ऑफिस, मुलांची शाळा, आणि आई एक बटण लावायला चार मिनिटं घेते. आपण लावलं तर दहा सेकंद. हिशेब बरोबर आहे, फक्त तो आजपुरता आहे. सहा महिन्यांनी बटणाबरोबर बाकीचे कपडेही आपल्यालाच घालावे लागतात. रोज जमणार नाही. आठवड्यातले दोन दिवस तरी चार मिनिटं थांबता आलं तर त्याचा उपयोग असतो, आणि त्या चार मिनिटांत गप्पा माराव्यात.

या सगळ्या गोष्टी, म्हणजे औषधं, चाल, मन, घरातली सोय, रोजची कामं, एकत्र बसून पाहायची पद्धत आता बसलेली आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक असा चमू मिळून ते करतो. १९८४ च्या एका अमेरिकन चाचणीत अशी पाहणी झालेल्या रुग्णांपैकी वर्षभरात २३.८ टक्के दगावले, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ४८.३ टक्के. इतका मोठा फरक पुढे टिकला नाही. २०१७ मध्ये २९ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा मृत्यूत फारसा फरक दिसला नाही. पण अशी पाहणी झालेले लोक पुढे जिवंत आणि स्वतःच्या घरात असण्याची शक्यता जास्त होती. बहुतेक म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांना हेच हवं असतं.

राहता राहिला सांभाळणारा. त्याच्यावरही संशोधन आहे, आणि ते वाचून झोप उडते. १९९५ मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या तेरा बायकांच्या हातावर मुद्दाम छोटी, सारखी जखम करून ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. तशी जबाबदारी नसलेल्या बायकांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ च्या अभ्यासात, जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता अशा वृद्धांचा चार वर्षांतल्या मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. सांभाळणारे पण ताण नसलेले यांच्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणजे ताण कमी करण्याला अर्थ आहे.

तो कमी होतो का? न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटेलमन यांनी अल्झायमर (डिमेन्शियाचा एक प्रकार) झालेल्या जोडीदाराला घरी सांभाळणाऱ्या ४०६ जणांवर हे तपासलं. निम्म्यांना नेहमीची मदत. उरलेल्यांना सहा समुपदेशन बैठका, त्यांतल्या चार बाकीच्या कुटुंबासह, म्हणजे भाऊ-बहिणी, मुलं यांना समोर बसवून कोण काय करणार हे ठरवायला. शिवाय एक आधारगट, आणि अडलं की फोन करून विचारायला एक समुपदेशक. २००६ मध्ये निकाल आले. ही जास्तीची मदत मिळालेल्या गटातल्या रुग्णांना संस्थेत हलवायची वेळ सरासरी ५५७ दिवस, म्हणजे दीड वर्षाहून जास्त, पुढे गेली. या फायद्याचा बराचसा भाग तीन कारणांनी आला असं विश्लेषणात दिसलं. नातेवाइकांकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल सांभाळणाऱ्याचं समाधान वाढलं होतं, रुग्णाच्या विचित्र वागण्याचा त्याला होणारा त्रास कमी झाला होता, आणि त्याच्या नैराश्याची लक्षणंही कमी झाली होती. रुग्णाचा आजार दोन्ही गटांत तसाच वाढत होता.